सतरा नंबरच्या बोअरमधली पोकळी

इलुंगा सकाळी सात वाजता शिट्टी घेऊन टेकडीच्या मागच्या अंगाला गेला, तो साडेनऊ झाले तरी परतला नव्हता.

"येईल, बॉस," म्वान्सा म्हणाले. "टेकडीला वळसा घालायचा म्हणजे वेळ लागतोच."

"वळसा घालायला अडीच तास? एवढ्या वेळात मी टेकडीच उचलून आणली असती."

म्वान्सा हसले नाहीत. ते रिगच्या पायरीवर बसून हातमोज्यांतली माती झटकत होते. पन्नाशी ओलांडलेले, झांबियातल्या तांब्याच्या खाणींत हयात घालवलेले ड्रिलर. कॅम्पवर त्यांना सगळे बा म्वान्सा म्हणत. तिकडे नावाआधी 'बा' लावलं की आपल्याकडच्या 'राव'सारखा मान होतो. बाकीची माणसं झाडाखाली पहुडली होती. रिगचं इंजिन गार पडलेलं. आणि मी, भंडारा जिल्ह्यातून निघून चौतिसाव्या वर्षी कांगोच्या दक्षिण टोकाला तांबं आणि कोबाल्ट शोधायला आलेला भूवैज्ञानिक, घड्याळाकडे बघून चडफडत होतो.

त्या दिवशी गुरुवार होता. शनिवारी रिग दुसऱ्या पट्ट्यावर जाणार होतं. रूर्क नावाचा आमचा प्रोजेक्ट मॅनेजर कोल्वेझीच्या ऑफिसातून रोज सकाळी वायरलेसवर तेच सांगत असे. "कॅट्री, शनिवार म्हणजे शनिवार." कटरे हे आडनाव त्याला कधी जमलं नाही, आणि मीही सुधारायचा नाद सोडला होता.

सतरा नंबरची जागा माझी होती. म्हणजे नकाशावर ती मी दाखवली होती. खनिजाचा थर टेकडीच्या पूर्वेला संपतो असं सगळ्यांचं मत. तो पश्चिमेला खाली वळून पुढे जातो असं माझं. ऑफिसात त्यावरून माझी भरपूर टर उडवली गेली होती. तेव्हा मला तो बोअर हवा होता. हट्टाने हवा होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

पण बोअर सुरू करण्याआधी एक नियम होता. त्या टेकडीत आजूबाजूच्या गावांतले लोक हाताने खणायचे. छातीइतके रुंद खड्डे, त्यांतून सरपटत आत जायचं, काळी कोबाल्टची माती पोत्यांत भरून वर ओढायची. कायद्याने त्यांना बंदी होती आणि कायदा सोडून बाकी सगळ्यांनी ते चालवून घेतलं होतं. म्हणून आमचा एक माणूस आधी जाऊन पन्नास मीटरच्या आतले सगळे खड्डे बघायचा, शिट्टी वाजवून लोकांना बाहेर काढायचा, परत येऊन फॉर्मवर सही करायचा. त्याखाली माझी सही. दोन सह्या झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

तो माणूस इलुंगा. तिशीचा, शिडशिडीत, फ्रेंच, स्वाहिली आणि कामापुरतं इंग्रजी येणारा. माझ्या आणि त्या मुलखाच्या मध्ये जे काही बोलणं व्हायचं ते त्याच्या तोंडून. मला तो 'पात्रों' म्हणायचा, म्हणजे मालक. शिट्टी मीच त्याला दिली होती, शाळेत पी.टी.च्या मास्तरांकडे असते तशी लोखंडी. ती तो दोरीने गळ्यात अडकवून झोपतानाही काढत नसे, असं त्याची बायको मुजिंगा हसत सांगायची.

मुजिंगाचं माहेर त्याच टेकडीमागच्या वस्तीवर होतं. आणि तिथेच माझी अक्कल घसरली.

"सासुरवाडीला बसला असेल," मी म्हणालो. "मक्याची गावठी दारू पीत. जावई आलाय म्हटल्यावर कोण सोडतंय!"

"इलुंगा कामाच्या वेळी पीत नाही," म्वान्सा म्हणाले.

"बा म्वान्सा, त्या बाजूचे खड्डे ऐंशी मीटरवर आहेत. मी स्वतः परवा मोजलेत. पन्नासच्या आत एकही नाही."

"खड्ड्याचं तोंड ऐंशीवर आहे, बॉस."

ते एवढंच म्हणाले. मला कळलं नाही असं नाही. माझे बाबा तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत लाकडी टेकू लावायच्या कामावर होते. लहानपणी मी त्यांना डबा द्यायला जायचो तेव्हा ते सांगत, "वरतून दिसते तेवढीच खान म्हनशील तं फसशील बापू. खालचा मानूस कुठवर गेला हे खालीच जाऊन समजते." हे मला पाठ होतं. पण फॉर्मवर पन्नास मीटर लिहिलं होतं, आणि त्या सकाळी मला बाबांपेक्षा फॉर्म सोयीचा होता.

मी गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवला. माझी सही केली. मग त्याच पेनाने वरच्या रेघेवर इलुंगाची केली. तो आपलं पूर्ण नाव शाळेतल्या मुलासारखं सुटं सुटं लिहायचा आणि त्यातल्या इंग्रजी 'जी'ची शेपटी लांब ओढायचा. आठ महिने रोज बघत होतो. अवघड गेलं नाही. मनात म्हटलं, दुपारी आल्यावर चार शब्द सुनावू आणि विषय संपवू.

म्वान्सा माझ्याकडे बघत होते. मी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. "चला," मी म्हणालो. "सही झाली."

ते उठले. हातमोजे घातले. इंजिन सुरू झालं.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोकळ लोखंडी नळ्या एकीला एक जोडत जमिनीत फिरवत न्यायच्या. खालच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेलं बिट. नळीच्या आत दगडाचा गोल दांडा कापला जातो, त्याला कोअर म्हणतात. तो वर काढून लाकडी पेट्यांत ओळीने मांडायचा. बिट गार ठेवायला वरून सतत पाणी सोडावं लागतं, आणि ते पाणी बोअरच्या तोंडातून परत वर यायला हवं. एखाद्या खोलीचा कोअर मिळालाच नाही तर पेटीत तेवढी जागा सोडून ड्रिलर एक लाकडी ठोकळा ठेवतो आणि त्यावर कारण लिहितो.

एकवीस मीटरपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग पाणी परत येईनासं झालं.

"पाणी खातंय," म्वान्सा ओरडले. "थांबवू?"

त्या भागात चुनखडकासारखा दगड असतो, त्यात भेगा असतात. पाणी खाणं नेहमीचंच. "थांबू नका," मी म्हणालो. "बिट जळेल. सोडत राहा."

पंधरा मिनिटं आम्ही पाणी सोडत राहिलो. टँकर जवळजवळ निम्मा झाला. मग तेवीस मीटरवर नळ्या एकदम दीड मीटर खाली घसरल्या आणि रिग हादरलं. म्वान्सांनी कोणाला न विचारता इंजिन बंद केलं.

"पोकळी," मी म्हणालो. "दगडातली असेल."

त्यांनी कोअर धरणारी आतली बारीक नळी दोराने वर ओढली. तिच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पोत्याचे पांढरे धागे गुंडाळलेले होते, मधून एक निळा. खत भरतो तसल्या पोत्याचे. नवे कोरे.

इंजिन बंद झाल्यावर एकदम शांतता पडली होती, आणि त्या शांततेत जमिनीत उभ्या असलेल्या पोकळ नळीच्या तोंडातून बारीक आवाज आला. शिट्टीचा.

मी गुडघ्यांवर बसलो आणि नळीला तोंड लावलं. "कोण आहे?"

मग खालून, पिंपातून बोलावं तसा आवाज आला. "पात्रों? पाणी बंद करा."

"बंद केलंय! इलुंगा, तू तिथे काय करतोयस?"

काय पण प्रश्न!

"तुम्हीच पाठवलंत ना," तो म्हणाला.

तक्रारीचा सूर नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

हळूहळू सगळं कळलं. खड्ड्याच्या तोंडाशी शिट्टी वाजवून कोणी बाहेर येईना. आत चार जण होते आणि बोगदा आमच्या दिशेने वळला होता. म्हणून तो स्वतः सरपटत आत गेला. पोती भरल्याशिवाय निघणार नाही, असा त्यांचा हट्ट. दोन-तीन तास समजूत काढली. शेवटी निघाले, तेवढ्यात वरून पाणी कोसळलं. परतीच्या वाटेवर बोगदा एका जागी खाली वाकलेला होता. ती खोलगट जागा छतापर्यंत भरली. ते पाचही जण आता उंच बाजूला, नळीच्या टोकाशी बसले होते.

"हवा आहे?"

"तुमच्या नळीतून येतेय," तो म्हणाला. "बरं झालं भोक पाडलंत."

आणि तो हसला. खरंच हसला. मला अजून ते हसणं ऐकू येतं.

म्वान्सा तोवर माणसं, दोर आणि आमचा पाण्याचा पंप घेऊन टेकडीमागे धावले होते. वस्तीवरचे लोकही आले. खड्ड्याच्या तोंडातून पंपाची नळी आत घालून पाणी उपसायचं ठरलं. मी रिगपाशी एकटा राहिलो.

"इलुंगा, ऐक. पाणी उतरलं की एकेक जण निघा. तू नळीजवळच थांब. कोण निघालं ते मला सांगत राहा."

"बरं, पात्रों."

हा हुकूम माझा होता. खालच्यांपैकी माझ्याशी बोलू शकणारा तो एकटा, हे खरं. पण त्याहून खरं हे की त्याचा आवाज येत राहिला की मला धीर वाटत होता. मी त्याला माझ्या धीरासाठी तिथे बसवून ठेवलं.

उपसायला दोन तास लागले. मधल्या वेळात आम्ही काय काय बोललो! रविवारी त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. मी यायचं कबूल केलं होतं, त्याने पुन्हा आठवण दिली. पांढरा शर्ट घाला म्हणाला, तुमच्या त्या खाकीत सगळे पोलीस समजतात. मग म्हणाला, "पात्रों, तो फॉर्म राहिला. वर आलो की आधी सही करतो."

फॉर्म माझ्या खिशात होता.

"असू दे," मी म्हणालो. "नंतर बघू."

अडीचच्या सुमाराला पाणी माणूस नाक वर काढून जाऊ शकेल इतकं उतरलं. पहिला निघाला. दहा मिनिटांनी दुसरा. इलुंगा खालून सांगायचा, आणि टेकडीमागून आरडाओरडा ऐकू आला की मी समजायचो, पोचला. तिसरा. चौथ्याला भीती वाटत होती. त्याला इलुंगाने बराच वेळ समजावलं, काय बोलला ते मला कळलं नाही, पण मुजिंगाशी बोलताना त्याचा जो सूर असायचा तोच होता.

"चौथा निघाला," तो म्हणाला. "आता छतातून माती गळायला लागलीय, पात्रों. मी निघतो. पलीकडे गेलो की शिट्टी वाजवतो."

"ये," मी म्हणालो. "लवकर ये."

मी नळीला कान लावून बसलो. सरपटण्याचा आवाज दूर गेला. मग एकदम नळीतून हवेचा जोराचा झोत माझ्या कानावर आदळला, ओल्या मातीच्या वासाचा. त्यानंतर काहीच आलं नाही.

मी हाका मारत राहिलो. घसा बसेपर्यंत मारल्या.

त्याला बाहेर काढायला संध्याकाळचे पाच वाजले. ओल्या छताची माती बसली होती, त्याच खोलगट जागी. शिट्टी गळ्यात होती आणि तिच्यात चिखल भरला होता.

खाणपोलिसांची गाडी लांबून दिसताच ते चार जण पांगले. पकडले गेले असते तर तुरुंग होता, त्यांना दोष कसा देऊ? त्यांची नावंही मला माहीत नाहीत.

रात्र व्हायच्या आत रूर्क वायरलेसवर आला.

"फॉर्म आहे?"

"आहे."

"दोन्ही सह्या?"

इथे माझं तोंड उघडायला हवं होतं. सकाळी मी फक्त मूर्ख होतो. या क्षणाला मी काय झालो ते सांगायला मला शब्द नको आहे, तुम्हीच ठरवा.

"दोन्ही," मी म्हणालो.

"मग सरळ आहे," रूर्क म्हणाला. "जागा रिकामी केली, सही केली, आणि स्वतःसाठी पोतं भरायला परत आत गेला. ही माणसं अशीच."

मी वायरलेस बंद केला. शनिवारी ऑफिसातून तीन जण चौकशीला आले. त्यांनी फॉर्म माझ्यासमोर धरला आणि सही इलुंगाचीच का, असं विचारलं. मी हो म्हणालो. म्वान्सांना त्यांनी इंजिन आणि पंप याखेरीज काही विचारलं नाही. विचारलं असतं तर, या भीतीने मी दोन दिवस जेवलो नव्हतो.

रविवारी मुजिंगा आली. बाप्तिस्म्याच्या दिवशी. धुतलेली शिट्टी तिच्या मुठीत होती. मी कॅम्पच्या पायरीवर उभा होतो, म्वान्सा बाजूला. ती बराच वेळ बोलली. तिचं बोलणं मला समजावून सांगणारा माणूस मेला होता, म्हणून म्वान्सांनी सांगितलं.

"ती म्हणते, चर्चमध्ये लोक म्हणतायत तो चोरी करायला गेला होता. तिला पैसा नको, काही नको. फक्त तुम्ही वस्तीवर येऊन एकदा सांगा, त्याला तुम्ही पाठवलं होतं. तो कामावर मेला की चोर म्हणून मेला, एवढंच तिला हवंय."

मी खाली बघत होतो. "तिला सांगा, तो परत येऊन सही करून गेला होता. पुढचं मला माहीत नाही."

मी मान वर केली.

"हे मी नाही सांगणार, बॉस," ते म्हणाले. अगदी शांतपणे. "एवढी स्वाहिली तुम्हाला येते. तुम्ही सांगा."

आणि मी सांगितलं. मोडक्यातोडक्या स्वाहिलीत, तिच्या तोंडाकडे न बघता: त्याने सही केली होती.

ती रडली नाही. तिने शिट्टी पायरीवर ठेवली, माझ्या बुटांपाशी, आणि निघून गेली.

म्वान्सांनी त्याच दुपारी कोअरच्या पेट्या भरून पूर्ण केल्या आणि सामान बांधलं. ते गेल्यावर मी पाचवी पेटी उघडली. तेवीस मीटरच्या पुढे, कोअर नसलेल्या जागी त्यांनी ठोकळा ठेवला होता. त्यावर जाड काळ्या पेन्सिलीने खोली लिहिली होती, आणि कारणाच्या जागी फक्त एक नाव. इलुंगा.

मी ठोकळा उपडा केला. कोऱ्या बाजूवर माझ्या अक्षरात लिहिलं, पोकळी, दीड मीटर. पेटी बंद केली.

महिन्याने रिग परत आलं आणि सतराच्या शेजारी तीन मीटरवर नवा बोअर घेतला. एकेचाळीस मीटरवर तांब्याचा हिरवागार कोअर निघाला, त्यात कोबाल्टचे काळे पट्टे. थर पश्चिमेला वळत होता. माझं बरोबर होतं. त्या एका बोअरवर माझं पुढचं सगळं उभं राहिलं. बढती, नंतर नागपुरातली स्वतःची सल्लागार कंपनी, परिषदांतली भाषणं. भाषणात मी सतरा नंबरचा उल्लेख कधी करत नाही. शेजारचा सांगतो.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. गेल्या मंगळवारी तिथल्या नव्या कंपनीतल्या एका भूवैज्ञानिकाचा मेसेज आला. जुन्या पेट्यांची पुन्हा तपासणी चालू आहे, माझं नाव जुन्या कागदांवर सापडलं. सोबत फोटो. ठोकळा उलटा, पेन्सिल जराही पुसट झालेली नाही.

"सर, सतरा नंबर, पेटी पाच. ठोकळ्याच्या खालच्या बाजूला इलुंगा असं लिहिलंय. हा कुठला खडक? यादीत सापडत नाही."

तीन दिवस मी उत्तर दिलं नाही. बायकोने विचारलं, बरं नाही का. काल सकाळी बसून सगळं लिहिलं. फॉर्म, सही, पंधरा मिनिटं सोडलेलं पाणी, नळीपाशी बसवून ठेवलेला माणूस, मुजिंगा. तिच्या वस्तीचं नावही लिहिलं आणि विनंती केली की कोणीतरी तिथे जाऊन एवढं सांगावं, त्याला मी पाठवलं होतं, सही माझी आहे. पाठवून टाकलं.

संध्याकाळी उत्तर आलं.

"माहितीबद्दल आभार, सर. ती वस्ती आता नाही. खाण वाढली तेव्हा नऊ-दहा वर्षांपूर्वी उठवली, लोक कुठे गेले इथे कोणालाच माहीत नाही. बाकी, बोअरच्या नोंदीत काय लिहू? पोकळीच ठेवू ना?"